जुन्या तारांचा माणूस

गाणं ऐकताना आपलं लक्ष कुठं असतं? आधी गायकाच्या गळ्याकडे, मग शब्दांकडे, आणि मध्येच एखादी बासरी किंवा व्हायोलिन येऊन गेलं तर क्षणभर तिकडे. या सगळ्याच्या तळाशी एक जाड, गोल, घुमणारा आवाज अखंड चालत असतो. तो कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. असतो तेव्हा कुणी त्याची दखल घेत नाही. थांबला, की मात्र घरातलं रोजचं माणूस चार दिवस गावाला गेल्यावर घर जसं रिकामं वाटतं, तसं गाणं रिकामं वाटू लागतं.

हा आवाज बास गिटारचा. आपल्या भाषेत सांगायचं तर गाण्याचा खर्ज. चार जाड तारांचं हे वाद्य मी बरीच वर्षं हौसेनं वाजवतो आहे. हौसेनं म्हणजे सुटीच्या दिवशी, दारं-खिडक्या लावून आणि शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवर भरवसा ठेवून. आम्हा हौशी मंडळींची एक गंमत आहे. चौघं जमले की वाजवणं तासभर आणि वाद्याबद्दल बोलणं तीन तास. तारा कोणत्या घ्याव्यात, किती जाड घ्याव्यात, त्या पडद्यांपासून किती उंच असाव्यात, बोटांनी छेडावं की नखीनं, वाद्याचं लाकूड अॅशचं बरं की ऑल्डरचं! चहाचे कप रिकामे होतात, पण एकमत काही होत नाही. मात्र या चर्चेची गाडी एका स्टेशनावर हमखास थांबते. कुणीतरी जेम्स जेमर्सनचं नाव काढतं, आणि मग सगळे थोडा वेळ गप्प होतात.

वाचकांपैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेलं नसेल. त्याचा बास मात्र जगभर ऐकला गेला आहे. स्टीव्ही वंडर, मार्विन गे, डायना रॉसच्या ‘सुप्रीम्स’, ‘टेम्प्टेशन्स’, ‘फोर टॉप्स’ ही मंडळी १९६० च्या दशकात अमेरिकेतून जगभर पोहोचली, तेव्हा त्यांच्या गाण्यांखालचा खर्ज बहुतेक वेळा या एकाच माणसाच्या बोटाचा होता. ‘बोटाचा’ असं एकवचन मुद्दाम वापरलं आहे. कारण तो एकाच बोटानं वाजवायचा.

दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्स्टन शहराजवळ एडिस्टो नावाचं बेट आहे. खाड्या, दलदल आणि एकेकाळी गुलामांच्या श्रमावर पिकणारे कापसाचे मळे, असा हा मुलूख. तिथं २९ जानेवारी १९३६ रोजी जेम्सचा जन्म झाला. लहानपणीचा काही काळ त्यानं आजीजवळ काढला. आजी पियानो वाजवायची आणि आत्या-मावशीच्या नात्यातली एक बाई चर्चच्या वृंदात गायची. काठीला रबर ताणून बांधायचं, ती काठी मुंग्यांच्या वारुळात खुपसायची आणि रबर छेडून मुंग्यांना नाचवायचं, असा त्याचा पोरवयातला खेळ सांगतात. बास वादकांना हा किस्सा फार आवडतो. ताणलेल्या दोरीचा थरथराट जमिनीतून समोरच्याच्या पायांपर्यंत पोहोचवायचा, हाच तर पुढे त्याचा धंदा झाला.

१९५४ साली आईबरोबर तो उत्तरेला डेट्रॉइटमध्ये आला. दक्षिणेतली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं त्या काळात मोटारींच्या कारखान्यांच्या ओढीनं या शहरात येत होती. तिथल्या नॉर्थवेस्टर्न हायस्कुलात जेम्सच्या हाती उभा बास लागला. उभा बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत थोरलं भावंड. माणसाहून उंच, कपाटाएवढं वाद्य. त्याच्या जाड तारा ओढायला बोटात पैलवानाचा जोर लागतो. सूर कुठं आहे हे सांगणारे पडदे त्याला नसतात. सूर कानानंच शोधावा लागतो. जेम्सनं याच वाद्यावर हात बसवला आणि शाळेचं वय संपतं न संपतं तोच डेट्रॉइटच्या क्लबांतून तो जॅझ आणि ब्लूज वाजवू लागला. जॅझचे वादक उभा बास बहुधा उजव्या हाताच्या तर्जनीनं ओढतात. त्याचीही तर्जनी तयार झाली, ती कायमची. पुढे तिला ‘हुक’ म्हणजे ‘आकडा’ असं टोपणनाव पडलं.

इकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानं १९५१ साली एक नवीच वस्तू बाजारात आणली होती. उभा बास प्रवासाला अवघड, मोटारीच्या टपावर बांधून न्यावा लागणारा. आणि एवढं करून ढोल-ट्रंपेटांच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडून जायचा. फेंडरनं भरीव लाकडाच्या फळीवर चार तारा चढवल्या, खाली विद्युतचुंबकी पिकअप बसवला आणि दांडीवर पडदे ठोकले. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन बास’. खांद्याला पट्टा अडकवा आणि चालू लागा. उभ्या बासच्या लोकांनी नाकं मुरडली. जॅझवाल्यांना ते खेळणं वाटलं. जेमर्सनही काही त्यावर लगेच भाळला नाही. होरेस रूथ या त्याच्या बास वादक मित्रानं आपला १९५७ चा काळ्या रंगाचा प्रिसिजन त्याला दिला, तेव्हा कुठं तो या वाद्याकडे वळला. उभा बास त्यानं सोडला नाहीच. मेरी वेल्सचं १९६४ सालचं ‘माय गाय’ ऐका, त्यात तो उभ्या बासवरच आहे.

दरम्यान डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी या तरुणानं १९५९ साली स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली होती. मोटारींचं शहर म्हणजे ‘मोटर टाउन’, त्यावरून पुढे कंपनीचं नाव ‘मोटाउन’. वेस्ट ग्रँड बुलेव्हार या रस्त्यावरचं एक दुमजली घर हे तिचं मुख्यालय आणि त्याच घराच्या मागच्या भागात स्टुडिओ. छतावरून लोंबणाऱ्या तारांच्या जंजाळामुळे वादक त्याला सापांचा खड्डा म्हणत. या खड्ड्यात रोज उतरणाऱ्या वादकांचा एक कंपू होता. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट आणि बासवर जेमर्सन. सगळे जॅझमध्ये मुरलेले. रात्री क्लबात स्वतःच्या आनंदासाठी वाजवायचं आणि दिवसा पोटासाठी स्टुडिओत. सुरुवातीच्या काळात गाण्यामागे काही डॉलर हातावर पडत. गाणं लाखांनी खपलं तरी त्यात त्यांचा वाटा नसे. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून ही मंडळी दुसऱ्या कंपन्यांसाठीही गुपचूप वाजवून येत. जॅकी विल्सनचं १९६७ चं ‘हायर अँड हायर’ शिकागोत झालं ते असंच.

जेमर्सनचा काळा बास चोरीला गेला. त्याच्या जागी १९६२ चा एक प्रिसिजन आला. काठाला काळसर आणि मधोमध पिवळसर होत जाणाऱ्या रंगाचा, दुकानात मिळायचा तसा साधा. याच वाद्याला पुढे ‘फंक मशीन’ हे नाव मिळालं. दांडी फळीला जिथं मिळते तिथं त्यानं स्वतः ‘फंक’ ही अक्षरं कोरली होती. फंक म्हणजे त्या संगीतातला ठसका, घामाचा वास असलेला ठेका. आम्ही हौशी वादक ज्यावर तासन्‌तास काथ्याकूट करतो, ते सगळं प्रकरण या एका वाद्यात एकवटलेलं आहे. म्हणून थोडं तपशिलात शिरावं लागेल.

पहिला मुद्दा तारांचा. बासच्या तारेत मध्ये पोलादाचा गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर तारेचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आवाज लखलखीत, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा निघतो. तिच्याऐवजी चपटी पट्टी गुंडाळली तर तार गुळगुळीत होते आणि आवाज गोल, दबका येतो. जेमर्सनच्या तारा ‘ला बेला’ कंपनीच्या, चपट्या पट्टीच्या आणि चांगल्याच जाड असत. सर्वांत बारीक तार ०.०५२ इंच, सर्वांत जाड ०.११० इंच. आज बहुतेक हौशी वादक वापरतात तो संच ०.०४५ पासून सुरू होतो, यावरून अंदाज यावा.

तारा जुन्या होतात म्हणजे काय होतं? घाम, त्वचेचं तेल आणि धूळ त्यांवर बसते, धातू थकतो आणि आवाजातली वरची चमक जाते. गोल वेटोळ्यांच्या तारांचं हे फार लवकर होतं. नवा संच महाग पडतो, म्हणून कित्येक हौशी वादक जुन्या तारा पातेल्यात उकळतात. पाण्यावर काळपट तवंग येतो आणि तारा काही दिवस पुन्हा बोलू लागतात. हा उद्योग स्वयंपाकघरातल्या कोणत्या पातेल्यात करायचा, यावर घरोघरी वाद होतात, तो भाग वेगळा.

जेमर्सन तारा उकळत तर नसेच, पण बदलतही नसे. तुटली तरच नवी, असा त्याचा खाक्या. तारांवरच्या मळातच खरा ठसका आहे, अशी त्याची श्रद्धा होती. आपल्या घरातल्या बिडाच्या जुन्या तव्याची आठवण व्हावी. वर्षानुवर्षं तेल मुरलेल्या त्या तव्यावर घावन अलगद सुटतं. हौसेनं कुणी तो घासूनपुसून लख्ख केला, की पुढचे चार दिवस सगळं चिकटतं.

दुसरा मुद्दा स्पंजाचा. घोडीवर एक क्रोमचं झाकण आणि त्या झाकणाच्या आत तारांना टेकणारा स्पंजाचा तुकडा, ही मुळात कारखान्याचीच योजना होती. बहुतेक वादक झाकण हाताला अडतं म्हणून काढून टाकत आणि त्याबरोबर स्पंजही जाई. जेमर्सननं दोन्ही राहू दिलं. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, ती तारेचा झंकार फुलावा म्हणून. स्पंज नेमकं उलटं काम करतो. तो झंकार मिटवतो. सूर उमटतो, ठाम ऐकू येतो आणि लगेच बाजूला होऊन पुढच्या सुराला वाट देतो.

तिसरा मुद्दा तारांच्या उंचीचा, आणि यावर सर्वांत जास्त भांडणं. बासच्या दांडीत एक लोखंडी सळई असते. ती आवळून किंवा सैल करून दांडीचा बाक ठरवतात. घोडीवरच्या लहान स्क्रूंनी प्रत्येक तार वर-खाली, मागे-पुढे करता येते. तार मागे-पुढे सरकवली की बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात येतो. हौशी वादक बाराव्या पडद्यापाशी दोन-अडीच मिलिमीटर उंची राखायला धडपडतात, कारण तार खाली असली की बोटांना कमी कष्ट पडतात. फंक मशीनच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या की इतरांना तो बास वाजवणं कठीण जाई. जेमर्सनला त्याचं काही वाटत नव्हतं. ज्याचा हात माणूसभर उंचीच्या बासवर तयार झाला, त्याला या तारा म्हणजे काहीच नव्हतं. उलट तार उंच असली की ती जोरानं ओढली तरी पडद्यावर आपटून खडखडत नाही.

आता हे तिन्ही मुद्दे एकत्र ठेवून पाहा. जाड, गुळगुळीत, जुन्या तारा. झंकार मिटवणारा स्पंज. उंच घोडी आणि त्यावर एकच दणकट बोट. विजेच्या फळीतून हा माणूस आपल्या उभ्या बासचाच आवाज काढत होता. त्यानं नवं वाद्य हातात घेतलं, पण कानात जुनंच वाद्य ठेवलं. माझ्या मते त्याच्या साऱ्या सामानसुमानाचं रहस्य एवढंच आहे. क्लबात तो ‘अँपेग बी-१५’ या ध्वनिवर्धकावर वाजवायचा. स्टुडिओत तर तेही नसे. त्याचा बास सरळ ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला जोडलेला असे आणि वाद्यावरची आवाजाची नि टोनची दोन्ही बटणं पूर्ण उघडलेली.

आणि तो वाजवायचा काय? त्याच्या आधी लोकप्रिय गाण्यांतल्या बासचं काम साधं होतं. स्वरमेळाचा मूळ सूर धरायचा, फार तर पंचमाला जाऊन यायचं. जेमर्सननं खर्जाला चाल दिली. तो मात्रेच्या किंचित अलीकडे-पलीकडे उतरे, मधल्या अर्ध्या सुरांवरून सरकत जाई, मोकळ्या तारांची पायरी करून वर चढे आणि सगळ्यांना वाटावं की आता हा चुकला, तेव्हा बरोबर समेवर येऊन उभा राही. हे सगळं करताना त्यानं गायकाचा रस्ता कधी अडवला नाही. ‘टेम्प्टेशन्स’च्या ‘माय गर्ल’ची सुरुवात आठवून पाहा. काळजाचा ठोका पडावा तसा एकटा बास, आणि मग त्यावर रॉबर्ट व्हाइटची चढत जाणारी गिटार. इतका थोडका, पण तेवढ्यानं गाणं ओळखू येतं. त्याच माणसाचं ‘फोर टॉप्स’च्या १९६७ च्या ‘बर्नाडेट’मधलं किंवा स्टीव्ही वंडरच्या १९६८ च्या ‘फॉर वन्स इन माय लाइफ’मधलं वादन ऐकलं तर खाली दुसरा एक गायकच गातो आहे असं वाटतं.

इंग्लंडात ‘बीटल्स’चा पॉल मॅकार्टनी हा बास कान देऊन ऐकत होता आणि त्यावरून शिकत होता. पण वाजवणाऱ्याचं नाव त्याला कुठून कळणार? मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावंच नसत. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटगीतांना ज्यांनी सूर-ताल पुरवले त्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या कलावंतांची नावं रसिकांपर्यंत पोहोचायला किती वर्षं लागली, हे आपण जाणतोच.

जेमर्सनचं नाव पहिल्यांदा ठळकपणे छापून आलं ते १९७१ साली, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर. म्हणजे बारा वर्षं वाजवल्यानंतर. या शीर्षकगीताची कथा वादकांत दंतकथेसारखी फिरते. मार्विनला जेमर्सनच हवा होता. शोधाशोध करून त्याला एका क्लबातून आणलं, तर दारूमुळे त्याला स्टुलावर नीट बसवेना. तेव्हा त्यानं जमिनीवर उताणं पडून बास वाजवला. त्या दिवशी घरी आल्यावर आज एका अजोड गाण्यावर वाजवून आलो, असं त्यानं पत्नीला सांगितलं होतं म्हणे. ही कथा हौशी मंडळी कौतुकानं सांगतात. मला मात्र ती ऐकताना दर वेळी थोडं कसंतरी होतं. कारण पुढची दहा-बारा वर्षं ठाऊक असली, की जमिनीवर पडलेला तो पस्तिशीच्या आतला माणूस गंमतीचा वाटत नाही.

त्याचा जोडीदार बेनी बेंजामिन १९६९ सालीच गेला होता. १९७२ साली मोटाउननं डेट्रॉइट सोडलं आणि लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवलं. सापांचा खड्डा ओस पडला. वादकांपैकी बरेच जण मागेच राहिले. जेमर्सन १९७३ साली कंपनीच्या मागोमाग कॅलिफोर्नियाला गेला, पण त्याच वर्षी मोटाउनशी असलेलं त्याचं नातं संपलं. सुरुवातीला इतरांकडची काही कामं मिळाली. मात्र तोवर बासची दुनिया बदलत चालली होती. गोल वेटोळ्यांच्या तारांचा चमकदार आवाज आता सगळ्यांना हवा होता. अंगठ्यानं तारेवर थाप मारून वाजवण्याची नवी तऱ्हा आली होती. स्टुडिओतले लोक वादकाकडून नव्या तारा, नवं वाद्य, नवा आवाज मागत. जेमर्सन आपल्या मळक्या तारा बदलायला तयार नव्हता. ज्या तारांनी त्याला घडवलं, त्याच तारांमुळे त्याचं काम हळूहळू सुटत गेलं. त्यात दारू. वेळेवर न पोहोचणं, हात न चालणं, लोकांचा भरवसा उडणं, ही साखळी कुठल्याही गावात आणि कुठल्याही धंद्यात सारखीच असते. १९८० च्या सुमारास एवढ्या मोठ्या वादकाला धड काम मिळेनासं झालं.

१९८३ च्या मार्चमध्ये मोटाउनच्या पंचवीस वर्षांचा सोहळा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथं झाला. मायकेल जॅक्सननं मागे सरकत जाणारी आपली ती प्रसिद्ध चाल पहिल्यांदा रंगमंचावर केली, तो हाच कार्यक्रम. मे महिन्यात तो दूरचित्रवाणीवर दिसला आणि त्या चालीनं जग वेडं झालं. त्या सभागृहात जेमर्सनही होता. रंगमंचावर नव्हता, निमंत्रितांतही नव्हता. बाहेर काळ्या बाजारात तिकीट विकत घेऊन तो मागच्या बाजूला बसला होता. समोर जी गाणी गायली जात होती, त्यांतल्या कितीतरी गाण्यांचा पाया त्याच्या तर्जनीनं घातलेला होता. शेजारी बसलेल्याला त्याची कल्पना तरी असेल का?

त्यानंतर काही महिन्यांतच फंक मशीन चोरीला गेला. तारा, स्पंज, कोरलेली अक्षरं, सगळ्यासकट. आणि थोड्याच दिवसांनी, २ ऑगस्ट १९८३ रोजी, यकृताच्या विकारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीनं जेमर्सन लॉस एंजेलिसमध्ये वारला. वय ४७. दफनासाठी त्याला डेट्रॉइटला परत आणलं.

नाव झालं ते नंतर. १९८९ साली अॅलन स्लट्स्की यांनी त्याचं चरित्र आणि त्याच्या वादनाची स्वरलिपी एकत्र करून ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ हे पुस्तक काढलं. २००० साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं साथीदार वादकांसाठी नवा विभाग सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षी त्याची निवड झाली. २००२ साली त्या पुस्तकाच्याच नावाचा माहितीपट आला आणि सापांच्या खड्ड्यातले हयात असलेले म्हातारे वादक पहिल्यांदा जगासमोर आले. आता त्याच्या मापाच्या तारांचा संच त्याच्याच नावानं विकला जातो. घोडीखाली घालायचे स्पंजाचे तुकडेही पाकिटात मिळतात.

हे तुकडे आणि तो संच आणून तसा आवाज येतो का, हा आम्हा हौशी लोकांचा सनातन प्रश्न. माझ्यापुरतं उत्तर असं आहे, की थोडा येतो. चपट्या पट्टीच्या तारा लावल्या आणि भांडी घासायच्या स्पंजाची एक चकती कापून घोडीजवळ सरकवली, तर कोणत्याही साध्या बासचा स्वर त्या काळाकडे बराच झुकतो. शे-दीडशे रुपयांचाही खर्च नाही त्या चकतीला, म्हणून प्रत्येक होतकरू वादकानं हे करून पाहावं. पण तारांची उंची मात्र त्याच्यासारखी ठेवू नये, असं मी आग्रहानं सांगतो. नवशिक्याचं मनगट आणि बोटं त्यानं दुखावतात, आणि हात दुखला की सराव सुटतो. त्याची उंच घोडी ही त्याच्या हाताची गरज होती. आपण आपल्या हाताप्रमाणे स्क्रू फिरवावेत.

त्याच्या हट्टाबद्दल आमच्यात दोन तट आहेत. एक गट म्हणतो, त्यानं तारा बदलायला हव्या होत्या. दोन संच ठेवायचे, एक घरचा आणि एक धंद्याचा, आणि बायको व चार मुलांचा संसार नीट चालवायचा. दुसरा गट म्हणतो, तारा बदलल्या असत्या तर तो जेमर्सन राहिला नसता. मी तरुणपणी दुसऱ्या गटात होतो, आता नक्की कुठल्याच नाही. कलावंताच्या निष्ठेचं कौतुक त्याच्या मागे उरलेल्या माणसांना विचारून करावं, एवढं वयानं कळू लागलं आहे. आणि जुन्या तारांपेक्षा दारूनं त्याचं नुकसान जास्त केलं, हेही स्पष्ट म्हणायला हवं. तरीही एक गोष्ट खरी, की जग नव्या आवाजामागे धावत होतं तेव्हा ज्या मळक्या तारा त्यानं सोडल्या नाहीत, त्यांचाच आवाज मिळवायला आज आम्ही पैसे मोजतो.

वाचकांपैकी कुणाला हे सारं ऐकून पाहावंसं वाटलं तर एक विनंती. मोबाइलच्या एवढ्याशा भोंग्यावर ऐकू नका. बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते आणि तो आवाज त्या चिमुकल्या भोंग्यातून बाहेरच पडत नाही. चांगले हेडफोन लावा किंवा घरात जुना मोठा स्पीकर असेल तर त्याच्यावरची धूळ झटका. ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ लावा. पहिल्यांदा स्टीव्ही वंडरला ऐका, त्याच्याकडे लक्ष जाणारच. मग तेच गाणं पुन्हा लावा आणि या खेपेला गायकाकडे मुळीच लक्ष न देता तळाशी जो चालतो आहे, फक्त त्याच्या मागोमाग शेवटपर्यंत जा.